पॅराथायरॉइडची स्लाइड कशी वाचायची: ४एक्सपासून फ्रोझन सेक्शनपर्यंत

प्रॅक्टिकल परीक्षेत स्लाइड बघून ओळखायच्या असतात, त्या स्पॉटिंगच्या टेबलावर पॅराथायरॉइड (परावटू, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली बारकी ग्रंथी) लागली की बरीच मुलं थेट मायक्रोस्कोपचा नोजपीस फिरवून ४०एक्सची (४० पट मोठं दाखवणारी) लेन्स लावतात आणि गुलाबी ऑक्सिफिल पेशी शोधत बसतात. सापडली तर उत्तर 'पॅराथायरॉइड', नाही सापडली तर 'लिम्फ नोड' नाहीतर 'पिट्युटरी'. कोल्हापुरात प्रॅक्टिकलला मुलांच्या मागं उभं राहून मी हे दरवर्षी बघतो. ग्रंथी कोणती ते ४एक्स आणि १०एक्सवर ठरतं. ४०एक्स फक्त आतल्या पेशींची ओळख पटवायला. हा क्रम उलटा केला की गाडी घसरलीच म्हणून समजा.

हा लेख मुख्यतः एमबीबीएस पहिल्या वर्षाच्या आणि डीएमएलटीच्या मुलांसाठी आहे. पॅथॉलॉजीत नव्यानं आलेल्या रेसिडेंटना शेवटचा भाग जास्त उपयोगी पडेल.

आधी नुसत्या डोळ्यानं

थायरॉइडच्या मागच्या अंगाला, सहसा प्रत्येक बाजूला दोन, अशा एकूण चार परावटू ग्रंथी असतात. एकेक सुमारे ६ मिमी लांब, ३ ते ४ मिमी रुंद आणि १ ते २ मिमी जाड. वजन ३० ते ४० मिलिग्रॅम. हायवेवरच्या धाब्यावर अख्खा मसूर मागवता ना, त्यातला एक दाणा बोटावर घेऊन बघा. आकार आणि चपटेपणा दोन्हीचा अंदाज येईल. जिवंत माणसात रंग पिवळसर तपकिरी असतो. एम्बाम केलेल्या देहात तो रंग उरत नाही, म्हणून डिसेक्शन हॉलमध्ये 'सर, ही चरबी का ग्रंथी?' हा प्रश्न हटकून येतो. अशा वेळी रंग सोडून रक्तवाहिनी धरा. इन्फिरिअर थायरॉइड आर्टरीच्या बारीक फांदीमागं गेलं की ती बहुतेक वेळा ग्रंथीपाशीच नेऊन सोडते.

वरची जोडी गर्भाच्या घशातल्या चौथ्या फॅरिंजिअल पाउचमधून (पिशवीसारख्या खाचेतून) तयार होते आणि खालची तिसऱ्या पाउचमधून, थायमस या छातीतल्या ग्रंथीसोबत. म्हणजे जन्माआधी वर असलेली जोडी खाली येते. हा उलटफेर व्हायव्हाला हमखास विचारतात. थायमसबरोबर लांबचा प्रवास झाल्यामुळे खालच्या ग्रंथींची जागा जास्त बेभरवशाची. कधी थायरॉइडच्या खालच्या टोकाजवळ, कधी थेट छातीत, थायमसमध्ये. वरच्या ग्रंथी क्रिकॉइड कूर्चेच्या पातळीच्या आसपास बऱ्यापैकी ठरलेल्या जागी मिळतात.

इतिहासात एवढंच लक्षात ठेवा: लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली होती. माणसातली ग्रंथी नीट वर्णन करून नाव देण्याचं श्रेय मात्र स्वीडनच्या उप्साला इथल्या इव्हार सँडस्ट्रॉम यांचं. १८७७ मध्ये त्यांना ती आधी कुत्र्यात सापडली, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते, आणि १८८० मध्ये त्यांनी निबंध छापला. त्यात सूक्ष्मदर्शकाखालची रचनाही होती. विद्यार्थी होता म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्लाइडवर येईपर्यंत काय काय गळून गेलेलं असतं

हा भाग मुलं टाळतात, पण पुढचं निम्मं कोडं इथंच सुटतं.

ऊतक १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, ऊतकाच्या निदान दहापट द्रावणात बुडवून ठेवतात. मग चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीनमध्ये अल्कोहोल काढायचं, पॅराफिन मेणात ब्लॉक करायचा आणि मायक्रोटोमवर ४ ते ५ मायक्रॉनचे काप घ्यायचे. नंतर हिमॅटॉक्सिलिनचा जांभळा आणि इओसिनचा गुलाबी रंग, डीपीएक्स हा चिकटवणारा द्रव, कव्हरस्लिप.

या वाटेत अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून टाकतात. म्हणून स्लाइडवर चरबीच्या पेशी रिकाम्या, पांढऱ्या आणि कडेला बारीक रेघ असलेल्या दिसतात. त्या रिकाम्या जागा म्हणजे काप फाटलेला नव्हे, चरबी होती तिथं. चीफ पेशींमधलं (या ग्रंथीच्या मुख्य, हार्मोन बनवणाऱ्या पेशी) ग्लायकोजेन आणि चरबीचे थेंबही बरेचसे जातात, म्हणून त्यांचा पेशीद्रव फिकट, कधी रिकामाच वाटतो. ग्लायकोजेन बघायचं असेल तर पीएएस हा रंग लावतात, आणि शेजारी डायास्टेज (ग्लायकोजेन पचवणारं एन्झाइम) दिलेला काप ठेवतात. त्यात गुलाबी रंग गेला की ते ग्लायकोजेनच. चरबी बघायची असेल तर पॅराफिनचा उपयोग नाही, गोठवलेल्या कापावर ऑइल रेड ओ हा रंग लागतो.

अजून एक. शिकवायच्या स्लाइडवर पुष्कळदा थायरॉइडचा तुकडा आणि त्याला चिकटलेली पॅराथायरॉइड असे दोन्ही असतात. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधी हातात धरून उजेडाकडं बघा. मोठा, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा तुकडा थायरॉइड. कडेचा बारका, गडद जांभळा ठिपका आपला.

पावसाळ्यात एक काम जादा. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत लेन्सवर बुरशी चढते. चित्र धूसर दिसलं की फोकस पिळत बसू नका. लेन्स पेपरनं ऑब्जेक्टिव्ह पुसून बघा, आणि मायक्रोस्कोपच्या पेटीत सिलिका जेलची पुडी आहे का तेही.

४एक्स: इथंच निकाल

कंडेन्सर खाली घ्या, डायफ्राम थोडा बंद करा, आणि पूर्ण तुकड्याभोवती एक चक्कर मारा. घाई नको.

पहिल्यांदा कॅप्सूल दिसेल. संयोजी ऊतकाचं पातळ आवरण, त्यातून आत शिरणारे बारीक पडदे. हे पडदे ग्रंथीचे स्पष्ट खण पाडत नाहीत, अर्धवट आत जाऊन विरतात. त्यांच्याच वाटेनं रक्तवाहिन्या, नसा आणि चरबी आत येते.

मग चरबी. मोठ्या माणसाच्या ग्रंथीत जांभळ्या पेशींच्या गर्दीत पांढऱ्या गोल जागा विखुरलेल्या दिसल्या की निम्मं काम झालं. लहान मुलाच्या ग्रंथीत चरबी जवळजवळ नसतेच. ग्रंथी भरीव, एकजात जांभळी दिसते. वयात येताना चरबी वाढू लागते आणि चाळिशीपर्यंत वाढत राहते. प्रमाण मात्र माणसामाणसात फार वेगळं: अंगकाठीवर अवलंबून, आणि एकाच ग्रंथीतही एका टोकाला भरपूर, मध्ये कमी. मोठ्या माणसाच्या ग्रंथीत निम्मी चरबी असते असं जुन्या पुस्तकांत मिळेल. नंतरच्या मोजणीत सरासरी बरीच कमी भरली. म्हणून टक्केवारी पाठ करू नका, चरबी कशी विखुरली आहे ते बघा.

तिसरी गोष्ट, काय नाही ते. थायरॉइडसारखे कोलॉइडनं भरलेले गोल फॉलिकल शेतभर पसरलेले नाहीत. लिम्फ नोडसारखा कडेचा सायनस नाही, जर्मिनल सेंटर नाहीत. थायमससारखे कॉर्टेक्स-मेड्युलाचे लोब्यूल नाहीत. ॲड्रिनलसारखे थरावर थर नाहीत. एवढं बघितलं की उत्तर हातात आलेलं असतं, आणि तुम्ही अजून ४एक्सवरच आहात.

१०एक्स: पेशींची मांडणी

आता पेशी कशा बसल्यात ते बघा. त्या दोरांसारख्या रांगांत आणि पुंजक्यांत असतात, रांगा एकमेकींना मिळत जातात, आणि दोन रांगांच्या मध्ये केशवाहिन्या धावतात. या केशवाहिन्यांच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. अंतःस्रावी ग्रंथीला नळी नसते. तयार झालेला हार्मोन थेट रक्तात सोडायचा असतो, म्हणून कुठलीही पेशी रक्तापासून लांब राहून चालत नाही. रांगांना आधार देणारे रेटिक्युलर तंतू हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर उठून दिसत नाहीत. त्यासाठी चांदीचा रंग लागतो.

कधीकधी पेशी एखाद्या बारक्या पोकळीभोवती गोल बसलेल्या आणि आत गुलाबी द्रव असतो. इथं मुलं 'थायरॉइड' लिहून मोकळी होतात. असे फॉलिकलसारखे भाग पॅराथायरॉइडमध्ये असू शकतात, वय वाढेल तसे जास्त. पण ते थोडे, विखुरलेले आणि आकारानं लहान. खात्री करायला एक सोपी युक्ती आहे: मायक्रोस्कोपला दोन पोलरायझिंग फिल्टर लावा. थायरॉइडच्या कोलॉइडमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक अनेकदा असतात आणि ते काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. पॅराथायरॉइडच्या द्रवात ते सहसा मिळत नाहीत. पदव्युत्तर मुलांनी ही युक्ती हाताखालून घालावीच.

४०एक्स: चीफ पेशी

आता खुशाल वर जा. आणि पहिल्यांदा शोधा लाल रक्तपेशी.

हो, लाल रक्तपेशी. केशवाहिनीत ती असतेच, आणि प्रक्रियेत थोडी आकसली तरी साधारण ७ मायक्रॉनची असते. तीच तुमची मोजपट्टी. आता शेजारची चीफ पेशी बघा: लाल पेशीएवढीच किंवा किंचित मोठी, म्हणजे ६ ते १० मायक्रॉन. बहुकोनी, कडा ठळक. केंद्रक गोल, मधोमध, रंगसूत्रद्रव्य भरड. पेशीद्रव फिका, किंचित गुलाबी. केंद्रकं एकमेकांच्या जवळ असल्यामुळेच कमी मोठेपणावर ग्रंथी जांभळी दिसत होती.

हीच पेशी पॅराथायरॉइड हार्मोन बनवते. आधी ११५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते, ती खरखरीत एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये शिरताना कापली जाऊन ९० ची होते, आणि गॉल्जीत अजून ६ गेली की ८४ चा हार्मोन. बारीक कणांत तो थोडाच साठवलेला असतो. थायरॉइड फॉलिकलमध्ये आठवडेच्या आठवडे पुरेल एवढा साठा करते. इथं साठ्याची सोय नाही, सतत बनवत राहायचं. रक्तात गेलेला हार्मोनही काही मिनिटांत निम्मा होतो. एकदा हे डोक्यात बसलं की थायरॉइडमध्ये मोठ्या पोकळ्या का आणि इथं भरीव रांगा का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पेशीच्या आवरणावर कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर असतो. त्याचं जनुक १९९३ मध्ये वेगळं केलं गेलं. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की तो जागा होतो आणि हार्मोन सोडणं थांबवतो. कॅल्शियम घसरलं की पेशी मोकळी सुटते. बहुतेक स्रावी पेशींत कॅल्शियम वाढलं की स्राव सुटतो, इथं उलटं. परीक्षक हसत हसत हाच प्रश्न टाकतात.

सगळ्या चीफ पेशी एका वेळी कामावर नसतात. निरोगी मोठ्या माणसात विश्रांती घेणाऱ्याच जास्त. त्यांच्यात ग्लायकोजेन आणि चरबीचे थेंब भरलेले, गॉल्जी लहान. कामावरच्या पेशीत रेटिक्युलम आणि गॉल्जी मोठे, आणि ग्लायकोजेन-चरबी कमी. साध्या स्लाइडवर हा फरक धड दिसत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर दिसतो. तरी लक्षात ठेवा, फ्रोझन सेक्शनच्या (ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून घेतलेल्या कापाच्या) वेळी कामी येतो. ग्लायकोजेन फार साठून पेशीद्रव पाण्यासारखा स्वच्छ झाला की तिला क्लिअर पेशी म्हणतात. ती वेगळ्या वंशाची नव्हे, चीफ पेशीच त्या अवस्थेत.

आणि आता ती गुलाबी पेशी

"सर, मघापासनं बघतोय, गुलाबी पेशी गावंनाच झाल्यात," गडहिंग्लजकडची एक मुलगी म्हणाली. तिच्या मायक्रोस्कोपखाली स्लाइड होती लहान मुलाच्या ग्रंथीची. गावणार कशा? ऑक्सिफिल पेशी साधारण सहा-सात वर्षांनंतर, बऱ्याचदा वयात येताना दिसू लागतात आणि पुढं वयासोबत वाढत जातात. उंदराच्या ग्रंथीत तर त्या नसतातच. चीफ आणि ऑक्सिफिल हा भेद १८९८ मध्ये डेव्हिड वेल्श यांनी मांडला, तोही माणसाच्या ग्रंथीवर.

दिसते कशी? चीफ पेशीच्या दीडपट-दुप्पट मोठी, पेशीद्रव गडद गुलाबी आणि बारीक दाणेदार, केंद्रक लहान आणि गडद. ते दाणे म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशी त्यांनीच खच्चून भरलेली. स्राव बनवायला लागणारं रेटिक्युलम मात्र तुटपुंजं. शक्यतो त्या एकेकट्या नसतात. बेटं करून राहतात. बेट दिसलं की त्याच्या कडेला थांबा. तिथं दोन्हींच्या मधल्या गुणांच्या पेशी मिळतात, आणि त्यामुळेच ऑक्सिफिल ही चीफ पेशीपासून होते असं मानतात. काम काय, यावर एकमत झालेलं नाही. थोडा पॅराथायरॉइड हार्मोन त्यांच्यातही बनतो हे दाखवलं गेलंय, आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात त्यांची संख्या वाढते. व्हायव्हाला 'काम पूर्ण माहीत नाही' एवढं सांगितलंत तरी उत्तर बरोबरच आहे.

फसवणाऱ्या स्लाइड

सगळ्यात जास्त गल्लत पिट्युटरीच्या पुढच्या खंडाशी होते. तिथंही पेशींच्या रांगा, तिथंही मध्ये केशवाहिन्या, तिथंही गुलाबी पेशी. फरक असा: पिट्युटरीत गुलाबी, जांभळट आणि फिक्या अशा तिन्ही रंगांच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि चरबी नसते. पॅराथायरॉइडमध्ये गुलाबी वेगळी बेटं करून, बाकी सगळं एकसारखं फिकट-जांभळं, आणि मोठ्या माणसात चरबी. दोन्ही स्लाइड शेजारीशेजारी मायक्रोस्कोपवर लावून पाच मिनिटं आलटून पालटून बघा; पुन्हा चुकणार नाही.

लिम्फ नोडशी गल्लत फक्त ४०एक्सवर उडी मारणाऱ्यांची होते. लिम्फोसाइट लाल पेशीएवढी किंवा किंचित मोठी, आणि जवळजवळ सगळी केंद्रकच; भोवती पेशीद्रव नाममात्र. चीफ पेशीत केंद्रकाभोवती स्पष्ट जागा असते, आणि त्या एकमेकींना चिकटून रांगेत बसतात. लिम्फोसाइट सुट्या. ॲड्रिनल कॉर्टेक्सच्या पेशी फेसाळ आणि सरळ खांबांत उभ्या. बाहेरचा आणि आतला थर वेगळा दिसतोच.

जर्नलमधली आकृती

हिमॅटॉक्सिलिनची जांभळी आणि इओसिनची गुलाबी पेन्सिल घ्या, आणि पुस्तकातली आकृती बंद करा. पुस्तकातल्या चित्रात ऑक्सिफिल पेशी बरोबर मध्यावर, ठळक असतात. तुमच्या स्लाइडवर तसं नसेल तर काढू नका. मी आकृती तपासताना बघतो ते हे: कॅप्सूल एका बाजूला आहे का, चरबीच्या जागा पांढऱ्या सोडल्यात का (त्यांच्यात गुलाबी भरलं की मी परत पाठवतो), रांगांच्या मध्ये केशवाहिनी आहे का, तिच्यात एक-दोन लाल पेशी काढून मापाचं भान ठेवलंय का. ओळखीचे मुद्दे दोनच मागतात. ते असे लिहा: केशवाहिन्यांनी वेगळ्या केलेल्या चीफ पेशींच्या रांगा, मधूनमधून चरबीच्या पेशी आणि ऑक्सिफिल पेशींची बेटं.

ऑपरेशन थिएटरमधून तुकडा आला तर

इथपर्यंत परीक्षा झाली. रेसिडेंट झाल्यावर हीच स्लाइड वेगळ्या घाईत समोर येते. थायरॉइड काढताना परावटू ग्रंथी चुकून निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की पेशंटला ओठाभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हातापायाला वांब येतात, कारण कॅल्शियम घसरतं. म्हणून सर्जन संशयित तुकडा पाठवून विचारतो, 'ही पॅराथायरॉइडच ना?' त्याआधी काही सर्जन टेबलावरच सलाइनच्या वाटीत तुकडा टाकतात: चरबी तरंगते, ग्रंथी बुडते. लिम्फ नोडही बुडतो, तेव्हा या चाचणीवर सगळी भिस्त ठेवू नये.

क्रायोस्टॅटवर (गोठवून काप घेणाऱ्या यंत्रावर) उणे २० अंशाच्या आसपास काप घेऊन, झटपट रंगवून, अर्ध्या तासाच्या आत उत्तर द्यायचं असतं. गोठवताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुगतात, कडा पुसट होतात, आणि चीफ पेशी व थायरॉइडची लहान फॉलिकलं एकसारखी दिसू लागतात. इथं पुन्हा ४एक्सच तारतं. मांडणी, चरबी आणि कॅप्सूल बर्फानं तितकी बिघडत नाही.

हायपरपॅराथायरॉइडिझमची (हार्मोन गरजेपेक्षा जास्त सुटत असल्याची) शस्त्रक्रिया असेल तर तुकड्याचं वजन आधी करा, कॅप्सूलबाहेरची चरबी सोडवून. निरोगी ग्रंथी ३०-४० मिलिग्रॅमची. अडीनोमा, म्हणजे ग्रंथीची साधी गाठ, याच्या कित्येक पट भरतो. सुमारे ८५ टक्के वेळा दोष एकाच ग्रंथीतल्या अडीनोमात असतो, बाकी बहुतेक वेळा अनेक ग्रंथी वाढलेल्या, आणि कॅन्सर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. अडीनोमात पेशींच्या अधेमधे चरबी जवळपास नसते, आणि कडेला नॉर्मल ग्रंथीची पातळ पट्टी उरलेली असेल तर तीत चरबी दिसते. ऑइल रेड ओ लावलंत तर हाच फरक पेशींच्या आतही दिसतो: पट्टीतल्या विश्रांतीच्या पेशींत लाल थेंब, गाठीतल्या पेशींत नाहीत.

पण पट्टी प्रत्येक वेळी कापात येत नाही, आणि एकाच ग्रंथीवरून अडीनोमा आणि हायपरप्लाझिया (अनेक ग्रंथींची वाढ) वेगळे सांगता येत नाहीत. अनेक ठिकाणी आता सर्जन टेबलावरच रक्तातला हार्मोन मोजतात. गाठ काढल्यावर दहा मिनिटांत तो निम्म्याहून खाली आला की काम झालं असं धरतात. तेव्हा फ्रोझनवर नावाचा हट्ट धरू नका. थिएटरमधून फोन आला तर 'पॅराथायरॉइड ऊतक आहे, चीफ पेशी जास्त, पेशींत चरबी कमी, वजन अमुक मिलिग्रॅम. बाकी पॅराफिननंतर' असं सांगा आणि उरलेला तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये टाका. पॅराफिनवर शंका राहिली तर इम्युनो (ठरावीक प्रथिनं अँटिबॉडीनं रंगवून ओळखायची पद्धत) लावता येतं: पॅराथायरॉइड हार्मोन आणि क्रोमोग्रॅनिन पॉझिटिव्ह, थायरॉइडच्या खुणा असलेली थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ निगेटिव्ह आले की थायरॉइडचा प्रश्न मिटला.